खांबेटे, के.

फोनवर प्रसन्न म्हणाला, "काका, मॅडम दोन निघाल्या."

मुरलीधर देवस्थळी चहाला आधण ठेवत होते. त्यांनी गॅस बारीक केला. "दोन म्हणजे?"

"म्हणजे असं बघा. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर मी देवस्थळी व्ही. घातलं. काहीच नाही हो. मोजके पेपर, त्यातही मॅडमचं नाव चौथं, नाहीतर पाचवं. आपल्या लेखात त्यांचा आधार कुणी घेतलाय म्हणाल, तर जवळजवळ कुणीच नाही. म्हटलं, संपलं, आता कमिटीपुढे काय घेऊन जाऊ? मग तुम्ही दिलेल्या पदव्या चाळल्या. एम.डी.वर कुमुद खांबेटे! काका, खांबेटे के. म्हणजे आपल्या मॅडम?"

"लग्नाआधीचं नाव ते."

"नाव नाही हो विचारत मी!" प्रसन्न ओरडलाच. "खांबेटे पाठ करून आम्ही परीक्षा दिल्या. तापानंतर मुलांच्या हृदयाच्या झडपा कशा खराब होतात, यावर ब्राझीलमध्ये लिहू द्या की इजिप्तमध्ये, पहिल्याच पानावर खांबेटे. आणि मॅडमनी स्वतः आम्हाला तो पेपर शिकवला. फळ्यावर नाव लिहून. एकदाही म्हणाल्या नाहीत की हा माझा आहे."

फोन ठेवल्यावर मुरलीधर बराच वेळ ओट्याशी उभे राहिले. आधण आटून पातेल्याचा तळ वाजायला लागला तेव्हा त्यांनी गॅस बंद केला आणि चहा न करताच खिडकीत जाऊन बसले. सातव्या मजल्यावरून गुडगाव दिसत होतं, म्हणजे अजून न झालेलं गुडगाव दिसत होतं. एका बाजूला बाजरीचं शेत, त्याच्या मधोमध कुणाच्या तरी नव्या वसाहतीची कमान, कमानीच्या आत काहीच नाही. पलीकडे अर्धी काच लावलेली इमारत. खालच्या रस्त्यावरून मानेसरच्या कारखान्याची बस गेली. तिच्या प्रत्येक खिडकीला एकेक झोपलेलं डोकं टेकलेलं होतं. दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून इथे यायची हौस मुरलीधरांचीच. निवृत्तीनंतर मोकळी हवा, लिफ्ट, पार्किंग. वासंती, त्यांची बायको, म्हणाली होती, "तुम्हाला हवं असेल तर जाऊ." ती इथे जेमतेम राहिली, आणि राहिली त्यातलाही बराच काळ हॉस्पिटलात. तिला जाऊन आता वर्ष होत आलं होतं. जनरेटरच्या आवाजाची सवय झाली, ती नसण्याची झाली नाही.

या सगळ्याला सुरुवात प्रसन्नने केली होती. तो तिचा विद्यार्थी, पुण्याहून शिकायला आलेला आणि दिल्लीतच राहिलेला. हृदयरोगाच्या डॉक्टरांची जी संस्था होती, ती दर वर्षी एक व्याख्यान ठेवणार होती, एखाद्या दिवंगत संशोधकाच्या नावाने. प्रसन्नने मॅडमचं नाव सुचवलं. कमिटीचे अध्यक्ष होते डॉ. भसीन, वीस वर्षं वासंतीच्या खात्याचे प्रमुख, आता गुडगावातल्याच एका चकाचक खाजगी हॉस्पिटलचे संचालक. ते म्हणाले होते, बाई फार चांगल्या, पण इन्फ्लुअन्स काय त्यांचा? मुरलीधरांना तो शब्द घशात काटा अडकावा तसा अडकला होता. प्रसन्नने त्यांना समजावून सांगितलं होतं की हल्ली विद्वत्ता अशीच मोजतात, तुमचं लिहिलेलं इतरांनी किती वेळा आधाराला घेतलं त्यावर. जिचा शब्द घरात कुणी कधी मोडला नाही, तिचं वजन आता परक्यांच्या तळटीपांत शोधायचं होतं. पण मुरलीधरांना आयुष्यात आता एवढं एकच हवं होतं. तिचं नाव कुठेतरी राहावं, आणि ते भसीनच्या डोळ्यांदेखत राहावं.

कारण वासंतीचं जे होतं ते भसीनने खाल्लं होतं. त्या खात्यात काम कुणीही केलेलं असो, पेपरवर पहिलं नाव प्रमुखाचं, हे सोयरसुतकासारखं पाळलं जाई. देविका, त्यांची मुलगी, झोपली की वासंती जेवणाच्या टेबलावर कागद पसरायची. वरणाचा डाग चुकवून लिहायची. आणि पेपर छापून यायचा तेव्हा आधी भसीन, मग भसीनचा लाडका, मग त्या लाडक्याचा लाडका, आणि शेपटाला देवस्थळी. मुरलीधर संतापायचे. रात्रीच्या जेवणाला भसीनच्या नावाने बोटं मोडणं हे त्या घरात लोणच्यासारखं रोज पानात असे. "तुला राग कसा येत नाही?" ते विचारायचे. ती भात वाढत म्हणायची, "पोरांना दर महिन्याचं इंजेक्शन मिळतंय ना? मग नाव भसीनचं असो की भोपळ्याचं." हा तिचा मोठेपणा, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. तिच्या तेराव्याला आलेल्या लोकांनाही त्यांनी तेच सांगितलं. आज खिडकीत बसून त्यांना पहिल्यांदा वाटलं, की हा मोठेपणा नसेलही. जो घरून पोटभर जेवून आलाय, तो पंगतीत वाढप्याच्या हाताकडे कशाला बघेल?

लग्न सांगलीला झालं. तबकात तांदूळ पसरले होते आणि मुरलीधरांच्या आईने अंगठी त्यांच्या हातात देऊन कानात नाव सांगितलं होतं. चैत्र होता, म्हणून वासंती. आईला सुनेच्या नावात खोट दिसली होती असं नाही. थोरल्या वहिनीचं नाव कुमुदिनी. एका घरात दोन कुमुद नकोत, हाक मारली की दोघी ओ देतील, एवढंच. पुढे वहिनी जन्मभर भिलाईला राहिल्या आणि ही दिल्लीला. दोघी एका छपराखाली सलग महिनाभरसुद्धा कधी राहिल्या नाहीत. एकाच वेळी दोघींना हाक मारायची वेळ उभ्या आयुष्यात आली नाही. पण नाव बदललं ते बदललं. आणि मुरलीधर मंत्रालयातले, अर्धवट काम त्यांना खपत नसे. हॉस्पिटलात, मेडिकल कौन्सिलात, बँकेत, रेशनकार्डावर, सगळीकडे त्यांनी स्वतः खेटे घालून नाव बदलून घेतलं. तिच्याबरोबरच्या पंजाबी, बंगाली डॉक्टरणी आडनावसुद्धा बदलत नव्हत्या. मुरलीधर म्हणाले, उद्या पेन्शन अडकेल. ती हसली आणि त्यांनी बोट ठेवलं तिथे तिथे सही करत गेली. फक्त जगभरच्या लायब्रऱ्यांत जाऊन नाव बदलून घ्यायची सोय त्यांच्या मंत्रालयात नव्हती.

आणि ती कार्डं! छापील पोस्टकार्डं यायची परदेशातून, आपल्या अमुक लेखाची प्रत कृपया पाठवावी, अशी. ती हॉस्पिटलातून घरी आणायची ती देविकाच्या तिकिटांसाठी. मुरलीधर स्वतः वाटीत कोमट पाणी घेऊन तिकिटं सोडवायचे, टीपकागदावर वाळवायचे. तिकिटांवरचे पक्षी, राण्या, विमानं त्यांना अजून आठवत होती. त्या कार्डांवर नाव कुणाचं असायचं, ते मात्र त्यांनी कधी बघितलं नव्हतं. बघायचं सुचलंच नव्हतं. बायकोच्या नावाने आलेलं कार्ड, त्यावर बायकोचंच नाव असणार.

प्रसन्न म्हणाला, कमिटीला काहीतरी कायदेशीर कागद लागेल. म्हणून ते कचेरीत गेले. गुडगावच्या कचेरीबाहेर झाडाखाली टाइपरायटर मांडून माणसं बसलेली असत. त्यातल्या एकाला त्यांनी आपल्या दिल्लीच्या हिंदीत सगळं सांगितलं. त्याने दोन्ही नावं वाचली, परत वाचली, आणि चष्म्यावरून बघितलं.

"बाउजी, शादी में सरनेम बदलता है. ये तो पूरी की पूरी औरत बदल गई."

"हमारे यहाँ रिवाज है."

"अच्छा? तो पुराना नाम कहाँ जाता है आप लोगों में?"

शेजारच्या टेबलावरचा वकील पान थुंकून म्हणाला, "अरे, दो रखी होंगी बाउजी ने. अब एक में निपटा रहे हैं." आजूबाजूची चारदोन माणसं हसली. मुरलीधरही हसले, दिल्लीत इतकी वर्षं काढल्यावर जसं हसायला येतं तसं. मग टाइपरायटर खडखडला. मी शपथेवर सांगतो की कुमुद खांबेटे आणि वासंती देवस्थळी ही एकाच स्त्रीची नावं आहेत. त्यांनी सही केली, शिक्का बसला. परतताना शेअर ऑटोत दोन मजुरांच्या मध्ये ते बसले होते, कागदाची सुरळी छातीशी धरून, आणि ते वाक्य डोक्यात पुन्हा पुन्हा येत होतं. एकाच स्त्रीची. ऑटो खड्ड्यात आपटला की वाक्यही आपटायचं.

तिच्या शेवटच्या दिवसांतही त्यांना असंच आत काहीतरी आपटल्यासारखं झालं होतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. बाकी सगळं संपलं होतं, पण जीव जात नव्हता, आणि तिथला पोरगेला डॉक्टर मुरलीधरांना बाजूला घेऊन म्हणाला होता, "अंकल, हार्ट बहुत अच्छा है. इसलिए टाइम लग रहा है." दोन दिवस ती ओ देत नव्हती. ते उशाशी बसून म्हणत होते, वासंती, अगं वासंती, पाणी हवं? ओठ कोरडे, डोळे मिटलेले, काही नाही. तिसऱ्या दिवशी सांगलीहून तिचा भाऊ आला, भालचंद्र. हातातली पिशवीही खाली न ठेवता दारातूनच म्हणाला, "कुमे, ए कुमे, झोपलीस होय गं?" आणि तिने डोळे उघडले. स्वच्छ उघडले. म्हणाली, "भाल्या, आलास? जेवलास का?" मुरलीधर पाण्याचा चमचा धरून तिथेच उभे होते. तेव्हा त्यांनी मनाची समजूत घातली होती की योगायोग आहे, औषधाचा अंमल उतरला असेल. आज ऑटोत त्यांना ती समजूत पुरेना. त्यांनी ज्या नावाने हाक मारली ती बाई आधीच गेलेली असेल. उरली होती ती दुसरीच, जिची आणि त्यांची ओळख नव्हती, आणि तिला हाक कशी मारायची ते एकट्या भालचंद्राला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी बंगलोरहून देविकाचा फोन आला. प्रसन्नने तिला सगळं सांगितलं होतं. "बाबा, काय सुपर न्यूज आहे यार! आई इतकी फेमस होती?"

"आई नव्हती. खांबेटे होती."

"तेच ना. सेम पर्सन."

"तू कधी खांबेटेच्या हातचं जेवलीयेस?"

ती मऊ आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही बिल्कुल ठीक आहात ना? बीपीची गोळी घेतली? चलो, आधी गोळी घ्या बघू." ते हो म्हणाले. पोरीशी भांडण्यात अर्थ नव्हता. तिला आई एकच होती, आणि ते खरंही होतं. पण त्यांना बायका किती होत्या, हे त्यांना कचेरीतल्या त्या पान थुंकणाऱ्या वकिलाइतकंही खात्रीने सांगता आलं नसतं.

भसीनचं हॉस्पिटल हॉटेलसारखं होतं. आत कारंजं, संगमरवर, काचेची लिफ्ट, टाय लावलेली मुलं. औषधाचा वाससुद्धा नव्हता. आजारी माणसं कुठे ठेवली आहेत, असा प्रश्न पडावा. मुरलीधरांना सरकारी हॉस्पिटलचा तो जिना आठवला, जिथे पायरीपायरीवर बिहारहून आलेल्या बाया मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या असत आणि वासंती त्यांच्यामधून साडी सावरत, "हटना बेटा, हटना अम्मा," म्हणत वर जात असे. भसीन खुर्चीतून उठून आला आणि त्याने मुरलीधरांना मिठी मारली. त्याला अत्तराचा वास होता.

"कमाल है, देवस्थली साहब! खांबेटे हमारी वासंती थी? मैंने ख़ुद अपनी किताब में खांबेटे को कोट किया है. बीस साल मेरे बगल वाले कमरे में बैठी रही और एक दिन नहीं बोली!"

म्हणजे यालाही ठाऊक नव्हतं. वीस वर्षं जिच्या डोक्यावर तो स्वतःचं नाव ठेवत होता, ती त्याच्या पुस्तकात मानाने बसलेली होती. प्रसन्नने कागद पुढे ठेवला. भसीनने तो न वाचताच थोपटला.

"अब तो सवाल ही नहीं. लेक्चर इन्हीं के नाम पर होगा. डॉक्टर कुमुद खांबेटे ओरेशन. बस आपकी हाँ चाहिए, फॅमिली की तरफ़ से."

"खांबेटे?" मुरलीधर म्हणाले.

"और क्या? खांबेटे को दुनिया जानती है. वासंती देवस्थली को कौन जानता है? बुरा मत मानिए, अब ब्रँड का ज़माना है."

प्रसन्न चाचरत म्हणाला, "सर, दोनों नाम डाल दें तो? कुमुद खांबेटे-देवस्थळी?"

"बहुत लंबा हो जाएगा. लोग कन्फ्यूज़ होंगे." भसीन हसला. "बोर्ड पढ़ते-पढ़ते ही लोग बाहर थक जाएँगे, अंदर कौन आएगा?"

कॉफी आली. मुरलीधर कपाच्या कडेकडे बघत राहिले. त्यांना वासंतीची काय काय माहिती होती? पातेल्याच्या बुडाची भाताची खरपुडी तिला आवडायची. अंबाडा घालताना दातात आकडे धरून ती बोलायची आणि ते शब्द फक्त त्यांनाच कळायचे. थंडीत तिचे पाय बर्फासारखे असायचे आणि ती ते खुशाल त्यांच्या पोटऱ्यांना लावायची. तीस वर्षं. यातलं एकही खांबेटेचं नव्हतं. खांबेटे ही कुणीतरी सत्तावीस वर्षांची मुलगी होती. ती करोल बागेच्या गल्ल्यांमधून शाळाशाळांत जाऊन पोरांच्या छातीला नळी लावत हिंडली होती, आणि मुरलीधर देवस्थळी जगात आहेत याचाही तिला पत्ता नव्हता. तिचं बरं चाललं होतं. तिला कुणी लुबाडलं नव्हतं. भसीनने जे खाल्लं ते वासंतीचं, टेबलावर वरणाचा डाग चुकवून लिहिणारीचं. आता खांबेटेला हार घातला की ती वीस वर्षं धुऊन निघणार होती, आणि तो हार भसीनच घालणार होता. वासंतीचं काय झालं, हे विचारायला कुणी उरणारच नव्हतं, कारण वासंती नावाची कुणी उरणार नव्हती. हे सगळं त्यांना स्वच्छ दिसलं. आणि त्याच्या मागे आणखी एक दिसलं, ते त्यांना नीट बघायचं नव्हतं: भालचंद्र दारात, हातात पिशवी, आणि उघडलेले डोळे.

"वासंती देवस्थळी," ते म्हणाले. "नहीं तो रहने दीजिए."

"सोच लीजिए."

"सोच लिया."

त्यांनी टेबलावरचा कागद उचलला, चार घड्या केल्या आणि खिशात घातला. लिफ्टमध्ये प्रसन्नचा चेहरा लाल झाला होता. "काका, हे काय केलंत तुम्ही? हातात आलेलं मॅडमचं नाव घालवलंत."

"ते मॅडमचं नाव नव्हतं."

"मग तो कागद? तुम्ही शपथेवर लिहून आणलंत की दोन्ही एकच आहेत!"

"शपथेवर माणूस काय वाट्टेल ते लिहून देतो रे," मुरलीधर म्हणाले.

व्याख्यान डिसेंबरात झालं, एका औषध कंपनीच्या संस्थापकाच्या नावाने. प्रसन्नने फोन केला होता, पण काका म्हटलं नाही. "आलात तर या," एवढंच. मुरलीधर गेले. का गेले ते त्यांना सांगता आलं नसतं. कदाचित जे त्यांनी होऊ दिलं नाही ते झालेलं नाही, हे डोळ्यांनी बघायला. हॉटेलचा हॉल भरलेला होता. ते शेवटच्या रांगेत स्वेटरची बटणं लावून बसले. पहिल्या रांगेत भसीनचं पांढरं डोकं दिसत होतं. बोलायला नैरोबीहून एक डॉक्टर बाई आल्या होत्या, साठीच्या, ठेंगण्या. दिवे मंद झाले, पडद्यावर चित्र आलं. वर एकच ओळ होती, आणि त्या ओळीत खांबेटे.

बाई म्हणाल्या, "दिल्लीत येऊन या विषयावर बोलायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी. मी जे काही केलं ते या माणसाच्या खांद्यावर उभं राहून. माझ्या देशात हजारो मुलं त्या महिन्याच्या इंजेक्शनावर जगली. पण तरुणपणापासून मला एक कोडं आहे. हा खांबेटे पुढे गेला कुठे? एवढं मोठं काम केलं आणि त्याने परत कधी काही लिहिलं नाही. लवकर वारला? की प्रॅक्टिस थाटून गब्बर झाला?" हॉल हसला. भसीनही हसला. त्याचे खांदे हललेले मुरलीधरांना मागून दिसले. बाईंनी हात कपाळावर धरून अंधारात बघितलं. "आपल्यापैकी कुणाला माहीत आहे का?"

तिसऱ्या रांगेतून प्रसन्नने मान वळवली आणि तो थेट शेवटच्या रांगेकडे बघत राहिला. भसीन वळला नाही. हॉलमध्ये कुणी खोकलं, कुणाच्या तरी कपाची बशी वाजली. बाई पुढचं चित्र लावणार, इतक्यात मुरलीधर उभे राहिले. ते का उठले हेही त्यांना कळलं नाही. गुडघे दुखत होते. सरकारी टिपणात लिहितात तसल्या इंग्रजीत ते म्हणाले, "तो नव्हता. ती बाई होती. डॉक्टर कुमुद खांबेटे. मागच्या वर्षी गेली."

बाईंनी चष्मा काढला. पडद्यावरच्या नावाकडे त्या वळून बघत राहिल्या, जणू तिथे आता चेहरा दिसेल. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आपण ओळखत होतात त्यांना?"

"नाही," मुरलीधर म्हणाले. "माझी बायको ओळखत होती."